मैत्रिणीच्या आत्याची हार्डडिस्क

तुमच्या दाराची किल्ली शेजाऱ्याच्या कुलपाला लागते असं कळलं, तर तुम्ही पहिलं काय कराल? कुलूप बदलाल. माझ्या मैत्रिणीच्या आत्याने रत्नागिरीतल्या आमच्या अख्ख्या आळीसाठी एकाच किल्लीची कुलपं मुद्दाम मागवली होती. कुणाची किल्ली हरवली तर कुणीही येऊन दार उघडून द्यावं, हा हेतू. “कुलूप चोरासाठी असतं गो, शेजाऱ्यासाठी नसतं,” असं ती म्हणायची. एकाची वस्तू दुसऱ्याला लागत नाही, या गोष्टीचा तिच्याइतका संताप येणारं माणूस या पृथ्वीतलावर दुसरं नसेल, हे मी छातीठोकपणे लिहून देते.

मी कॉलेजसाठी गावातून आले आणि तिच्या माडीवर राहू लागले. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून ती निवृत्त झाली होती, लग्न केलेलं नव्हतं, आणि भाचीमुळे, म्हणजे माझ्या मैत्रिणीमुळे, सगळी आळी तिला आत्याच म्हणायची. तिच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे एका मापाचे होते, म्हणजे कोणतंही झाकण कोणत्याही डब्याला बसावं. बसायचंही. त्यामुळे साखरेला मसाल्याचा वास यायचा आणि पाहुणे चहा पिऊन विचारात पडायचे. चपलांचे ती एकसारखे दोन जोड घ्यायची, कोणताही उजवा पाय कोणत्याही डाव्याला चालावा म्हणून. त्यातला एक जोड नवा आणि एक झिजलेला असला की ती महिनाभर किंचित तिरकी चालायची, पण तत्त्व सोडायची नाही. छत्रीची काडी मोडली तर दुसऱ्या छत्रीची बसवायची. एकदा तिने माझ्या चष्म्याला तिच्या चष्म्याची दांडी लावून दिली. मी परीक्षा तशीच दिली आणि पास झाले. श्रेय तिने दांडीला दिलं.

मी स्वतः तत्त्वाचं माणूस. माझे वडील मुंबईला गिरणीत. ते गावी जे काही पाठवायचे ते युनियनच्या पत्रकात गुंडाळून पाठवायचे. खाऊ संपला की कागद उरायचा आणि मी तो वाचायचे. माझी बाराखडी शाळेत झाली, पण वाक्यरचना त्या पत्रकांवर झाली. त्यामुळे आत्याच्या माडीवर बसून मी सारखी काही ना काही पत्रकं लिहायचे. आत्या ती शांतपणे वाचायची आणि म्हणायची, “छान झालंय. आता हे ज्याच्यासाठी लिहिलंस त्याला वाचता येईल असं लिही.” मला राग यायचा. त्या रागाची किंमत मला पुढे कळली.

तिचा एक भाचा बोटीवर होता. त्याने तिला परदेशातून एक संगणक आणून दिला. पडदा जेमतेम आरतीच्या ताटाएवढा, सोबत हातात धरून फिरवायचा माऊस, आणि वेगळ्या डब्यात बाहेरून जोडायची हार्डडिस्क. भाच्याला वाटलं, आत्या चार दिवस खेळेल. आत्या दोन पावसाळे खेळली. सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या कातळावर, पावसात जी इवली इवली फुलं येतात, ती एकेक घरी आणून, भिंगातून बघून, तिने त्या पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी काढली. पडदा काळा-पांढरा. मग कुणाला चित्र दाखवताना ती रंग तोंडाने सांगायची: “हे जांभळं समज. नाही, एवढं नाही, थोडं उतरव.” आणि आपण खरोखर थोडं उतरवायचो. लहान फ्लॉप्यांवर तिने ती चित्रं उतरवून ठेवली होती, पण आमच्या दमट हवेत कपाटातल्या फ्लॉप्यांना बुरशी आली. चित्रं उरली ती फक्त त्या डब्यात.

अशात आमच्या गावची संध्याकाळची शेवटची गाडी बंद होणार असल्याची बातमी आली. माझी धाकटी बहीण त्या गाडीने इथल्या शाळेतून घरी जायची, आणि वाटेवरच्या सगळ्या वाड्यांमधल्या मुली जायच्या. दुपारची शाळा सुटल्यावर तीच एक गाडी. ती गेली की मुलींची शाळा गेली, हे सांगायला पत्रक लागत नव्हतं. आईने निरोप पाठवला होता, की गाडी बंद झाली तर धाकटीला घरी बसवते, काळोखात सड्यावरून चालत कशी पाठवू. मी डेपोत हाताने लिहिलेले अर्ज नेऊन दिले. त्यात ‘धिक्कार’ हा शब्द सढळ हाताने घातला होता. साहेबांनी त्यांच्यावर चहाचे कप ठेवले.

आत्या म्हणाली, हाताने लिहिलेलं ते वाचणार नाहीत, संगणकाचं वाचतील. आळीच्या टोकाला टायपिंग शिकवणाऱ्या सरांनी नुकताच एक संगणक आणि प्रिंटर घेतला होता. प्रिंटरला मराठी येत नव्हतं, म्हणून मजकूर इंग्रजीत करायचा ठरला. मराठी मुलखात इंग्रजी अर्ज, यावर मी एक दिवस भांडले. मग मुली एकेक येऊन ओटीवर बसू लागल्या. कुणाचं घर कुठे, गाडीतून उतरून किती चालायचं, गाडी नसली तर काय, हे त्या सांगायच्या आणि आत्या टाइप करायची. सगळं तयार झाल्यावर लक्षात आलं, की सरांच्या संगणकाला मोठी पातळ फ्लॉपी लागते आणि आत्याच्याला लहान जाड. एकाची दुसऱ्यात शिरतच नाही. त्या दिवशी आत्या जेवली नाही. पण हार न मानता तिने भाच्याला कळवलं. त्याने एक कार्ड आणि वायर पाठवली. कार्ड सरांच्या संगणकात बसवलं, आणि आत्याची हार्डडिस्क आंब्याच्या पेटीत, पेंढ्यात नीट बसवून, रिक्षाने निघाली. रिक्षावाला वाटभर भाव विचारत होता. “आत्यानू, एवढी जपताय म्हणजे पहिल्या तोडीची असणार. आम्हाला निदान वास तरी द्या.”

सरांनी वायर जोडली. पडद्यावर ओळ आली, की हा डबा ओळखीचा नाही, नव्याने तयार करू का? सरांचं बोट होकाराकडे निघालं. आत्याने त्यांचं मनगट धरलं. सर घाबरले, मी त्याहून. मग तिने आम्हाला समजावलं. डब्यात सगळं आहे, पण मांडणी तिच्या संगणकाच्या पद्धतीची आहे. सरांच्या संगणकाची पद्धत वेगळी. दोन जावांचं स्वयंपाकघर एक असावं आणि धाकटीने ठेवलेलं मोठीला सापडू नये, तसं. आणि ही मोठी जाऊ अशी, की सापडलं नाही तर सगळं बाहेर फेकून नव्याने लावते.

“मग तुमच्या पद्धतीने वाच म्हणावं यांच्या मशीनला,” मी म्हटलं.

“त्याला ते येत नाही. माझ्याला येईल, भाच्याने त्यासाठी प्रोग्रॅम पाठवलाय. डबा यांच्या पद्धतीने लावला तर दोघांना वाचता येईल.”

मी उसळले. प्रत्येक वेळी आपणच का वाकायचं, समोरच्याने का नाही, असं माझं भाषण सुरू झालं. सर गुपचूप पंखा लावायला गेले. आत्याने मला पूर्ण बोलू दिलं.

“ज्याला वाकता येतं त्यानं वाकावं गो,” ती म्हणाली. “बहीण घरी पोचायला हवी ना तुझी?”

पेटी परत घरी आली. दुसऱ्या दिवशी तीच पेटी, तोच पेंढा, तोच रिक्षावाला. या वेळी सरांच्या संगणकाने डबा मुकाट्याने उघडला. प्रिंटर कर्कश्श ओरडत कडेला भोकं असलेला लांबलचक कागद ओकू लागला. तो कागद घेऊन आम्ही डेपोत गेलो, तर साहेब चक्क खुर्चीतून उठले. भोकांवरून बोट फिरवत म्हणाले, “संगणकातून आलंय म्हणजे बरोबरच असणार.” आतली मागणी तीच होती, फक्त ‘धिक्कार’च्या जागी मुलींच्या वाटा होत्या. साहेबांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि गाडी चालू राहील म्हणाले. अट एकच, की ती रिकामी धावता कामा नये.

पुढच्या पावसाळ्यात माझी बहीण माडीवर आली होती. सड्यावरून तिने एक फूल आणलं होतं, आणि आत्याच्या चित्रांत ते आहे का, हे तिला बघायचं होतं. आत्या भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “ती नाहीत आता. डबा नव्याने लावला ना, तेव्हा गेली. धड फ्लॉपी एकच होती, तिच्यात तुझा अर्ज तेवढा मावला.” मी विचारलं, पुन्हा काढाल ना. तिने डोळ्यांपुढे बोटं हलवून दाखवली. मोतीबिंदू वाढला होता. “माऊस दिसतो, त्याचं टोक दिसत नाही,” असं म्हणून ती हसली, आणि बहिणीचं फूल हातात घेऊन, अगदी नाकाशी धरून, बराच वेळ बघत राहिली. मग तिला म्हणाली, “तू काढ. आणि रंगीत काढ.” मी, पत्रकांवर वाढलेली मुलगी, धिक्कार तेवढे लिहीत आले. आजवर तिचे आभार मानायचे राहिलेत, ते इथे मानते.

यंदा भाचा तिला मुंबईला घेऊन गेला. ऑपरेशन झालं, पण आता तो तिला एकटीला राहू देत नाही. गाडी अजून सुटते. बहीण पुढच्या वर्षी मॅट्रिकला बसेल. तिच्या मागच्या मुली आता कुठे पाचवीत आहेत, त्यांना ही गाडी अजून बरीच वर्षं लागणार आहे. सुट्टीच्या दिवसांत मात्र गाडी रिकामी जाते, आणि रिकाम्या गाडीवर साहेबांचं लक्ष असतं. म्हणून एक करा. एखाद्या सुट्टीत, संध्याकाळी मोकळे असाल, तर स्टँडवर या आणि त्या गाडीत बसा. पूर्ण तिकीट काढा, शेवटच्या थांब्यापर्यंत जा. परतीची गाडी सकाळीच आहे, पण उतरल्यावर समोरचं घर आमचं, आणि आईला मी सांगून ठेवलंय. या.