कॅसेटमधली घंटी

काल मुलीनं मोबाईलवर पोथीचं वाचन लावलं. जठारपेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये तो स्वच्छ आवाज घुमत होता, आणि मला सारखं वाटत होतं, दोन ओव्यांच्या मधे काहीतरी वाजायचं राहून जातंय.

वलगावला असताना आईनं स्वतः पोथी वाचून कॅसेट भरली होती. ओसरीवर बसून वाचलेली. एका ओवीनंतर ती श्वास घ्यायला थांबते, तेवढ्यात अंगणातला आमचा बैल हिऱ्या मान हलवतो आणि त्याच्या गळ्यातली घंटी वाजते. वाचन बिघडलं म्हणून आई किती चिडली होती.

पुढं पावसानं दगा दिला, वैरणीचं कुटार संपलं. बाबांनी हिऱ्याला बाजारात नेलं आणि रिकामं दावं घेऊन परतले. त्यानंतरच्या एकादशीला आईनं सवयीनं कॅसेट लावली. ती ओवी जवळ आली तेव्हा कुठं आमच्या ध्यानात आलं. आईचा हात बटणाकडे गेला, पण तोवर घंटी वाजली होती. बाबा भिंतीला टेकून बसले होते. आता ते टेप उचलून आपटतात, असंच मला वाटलं.

"बंद करू काय?" आईनं हळूच विचारलं.

"नोको," बाबा म्हणाले. "जरासं मांगं घे."