चादरीतली कवळी
आत्याचा आवाज मी पुसला. फोनमध्ये जागा उरली नव्हती, मी उत्साहाने साफसफाई केली, आणि चौदाव्या खेपेला न अडखळता बोललेली तिची दोन मिनिटं कायमची गेली.

आत्या इकडे परमुलखात हॉस्पिटलच्या लाँड्रीत बावीस वर्षं चादरी धूत होती. हुकूम सोडायची हौस तिला जन्मापासूनच, पण मुकादम व्हायचं तर इथली भाषा बोलून दाखवायची अट. म्हणून ती संध्याकाळच्या भाषावर्गात यायला लागली. तिथले फोन आणि कॉम्प्युटर बघायला मी होतो; नुसता बघतच असायचो म्हणा ना. शिकवणाऱ्या बाई घोकंपट्टीच्या विरोधात. सहा फोटो काढा, त्यांना आपला आवाज जोडा, आपल्या कामाची गोष्ट सांगा. परीक्षाही तीच.

आत्याची गोष्ट अशी: मळक्या चादरींच्या गाठोड्यात तिला कवळी सापडली. मालक शोधत ती तीन मजले चढली. तिघांनी ‘माझीच’ म्हणून हात पुढे केला. त्यातल्या एकाच्या तोंडात स्वतःची होतीच.

परीक्षेच्या दारात मी कबुली दिली.

“पुन्हा रेकॉर्ड करू या?”

“पाच मिनिटांत? चौदा खेपा लागल्यात मला, गाढवा! भावाचं पोर आहेस म्हणून हात आवरते.”

वाचायचा कागद घरी. आत तीन परीक्षक. पडद्यावर गाठोडं आलं, मुकंच. एकाने घड्याळ पाहिलं. आत्या उठली आणि बोलायला लागली. पण आवाज नसला की प्रत्येक फोटो आपोआप सात सेकंदांत सरकायचा. ती अजून गाठोडं सोडत होती, तोवर पडदा दुसऱ्या मजल्यावर.

“थांबव!” ती माझ्यावर ओरडली, तीही इथल्याच भाषेत. “मागे घे. अजून मागे. हां, आता हात लावू नकोस!”

मी निमूटपणे बोट उचललं. व्याकरण लंगडत होतं, पण कवळी जिने चढत गेली. तिसऱ्या दावेदारापाशी म्हातारे परीक्षक इतके हसले की त्यांनी तोंडावर हात धरला, बहुधा आपली सांभाळायला.

“हा फोटो दाखवणारा तुमच्या हाताखाली आहे का?” त्यांनी विचारलं.

“आजपासून,” आत्या म्हणाली.

पास झाली. मुकादम झाली. पेढ्याबिढ्याच्या भानगडीत न पडता तिने मला वर्गासमोर उभं केलं. “आता याची गोष्ट. कागद न बघता, दोन मिनिटं. आत्याचा आवाज कसा पुसला, सगळं सांगायचं.” बाईंनी लगेच वहीत माझं नाव लिहिलं. या बायका अशा वेळी फार पटकन एक होतात.

चार महिने झाले. माझे पाच फोटो तयार आहेत. दर आठवड्याला आत्या विचारते, “सहावा काढलास का रे?”

मी म्हणतो, उजेड चांगला नव्हता.