नकाशात आजी शोधताना

माझ्या वडिलांची आई ते कडेवर असताना वारली. दुसऱ्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. आजोबांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि त्या दुसऱ्या आजीने बाबांना असं वाढवलं की ती सावत्र आहे हे आम्हा नातवंडांना मोठं झाल्यावर कळलं. ती मागच्या उन्हाळ्यात गेली. तेराव्या-चौदाव्याचं आमच्याकडे काही नसतं. बौद्ध रीतीने पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले आणि संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "बाई, माही माय कुठं पुरली हाय ते पाह्यता येईन का? मातीले हात लावून याचं हाय."

मी चकित झाले. ऐंशी ओलांडेपर्यंत या माणसाने हा विषय काढला नव्हता. काहून, असं विचारलं तर म्हणाले, "हे माय जिती होती नं. तिले काय वाटलं असतं?"

त्यांच्याजवळ आजोबांचं एकच वाक्य होतं. तुझी माय नाल्याच्या काठी हाय, गावाच्या मावळतीले, पांधणीच्या अलीकडं. पांधण म्हणजे वावरात जायची बैलगाडीची वाट. एवढं बोलून आजोबा उठून गेले होते आणि पुन्हा कधी बोलले नाहीत. आमचं गाव सुटून दोन पिढ्या झाल्या. बाबांच्या नोकरीपायी आम्ही मंगरूळपीरला आलो ते इथलेच झालो. गावात विचारावं असं जुनं माणूस उरलेलं नाही.

पण मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. नकाशा म्हटलं की माझ्या अंगात येतं. नाला, पांधण, पश्चिम दिशा, एवढं हाती असल्यावर आणखी काय पाहिजे? मी बाबांना सांगून टाकलं की आठ दिवसांत काम होईल. आमच्या घरात अशा बढाया मारायचं खातं माझ्याकडेच आहे.

जमिनीच्या मोजणीच्या कार्यालयात गावाचा जुना नकाशा मागितला, तर खिडकीतल्या माणसाने आधी विचारलं, "धुऱ्याचा वाद हाय का?" आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात आणि जुना नकाशा काढायला माणूस येतो तो भावाशी भांडूनच.

"वाद नाही. आजी शोधायची आहे."

"आजी नकाशात नसते, बाई," तो म्हणाला. पण नक्कल दिली.

नकाशा एवढा मोठा की टेबलावर मावेना. आतल्या खोलीतल्या पलंगावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवले. मधोमध गावठाण, भोवती गोधडीच्या ठिगळांसारखी वावरं, प्रत्येकात नंबर. तुटक रेषेची पांधण सापडली, विहिरी सापडल्या. नालाही सापडला, पण गावाच्या उगवतीला. मावळतीला नुसती बरड जमीन, तिथे पाण्याची रेघसुद्धा नाही.

मी नकाशा उलटा करून पाहिला. उत्तर वरच आहे ना याची खात्री केली. मग नाल्याने पात्र बदललं असेल असं ठरवलं, आणि ते जमेना तेव्हा दोष आजोबांवर ढकलला.

"आजोबांची दिशा चुकली असेल, बाबा. उगवतीलाच असणार."

बाबांना ते लागलं. "कास्तकाराले सूर्य कुठं बुडते ते समजत नाही का? तुह्या पुस्तकापेक्षा जास्त समजत होतं त्याले."

तरी मी हट्टाने त्यांना गावाला नेलं. उगवतीच्या नाल्यावर उभं करून नकाशा दाखवला, हीच पांधण, हाच काठ, असं पटवू लागले. बाबांनी खाली वाकायचं नाव घेतलं नाही. काठी टेकून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "इथं नाही." मी चिडले. बोलू नये ते बोलले, की तुम्हाला सापडायलाच नको आहे. परतीच्या एसटीत आम्ही दोघं दोन वेगळ्या बाकांवर बसलो. हट्टीपणा आमच्यात बापाकडून लेकीकडे येतो, एवढा वंशाचा इतिहास मला नकाशाशिवाय कळलेला आहे.

नकाशा मग पलंगावर तसाच पडून राहिला. कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं, पण उचलतही नव्हतं. दिवाळीनंतर माझी लेक पुण्याहून यायची होती, सातवा महिना सरत आलेला. तिच्यासाठी खोली आवरायला घेतली. बाबा दारातल्या खुर्चीवर होते.

"उचल आता तो कागद," ते म्हणाले. "पोरगी माहेरी येऊन राह्यली बाळंतपणाले, ते काय नकाशावर झोपन का?"

मी एक डबा उचलला आणि तो हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"बाबा, तुमची आई गेली तेव्हा कुठे होती?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. "माहेरी," ते म्हणाले. "माहेरीच असन नं."

काखेत कळसा अन् गावाला वळसा. आमच्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी जाते, हे काय कुणी सांगायला हवं होतं? मी स्वतः दोन्ही वेळा आईकडे आले होते, याच खोलीत. पण घराण्याचा शोध म्हटला की आम्ही दोघंही बापाच्या गावाचा नकाशा पसरून बसलो. आजोबांनी 'गावाच्या मावळतीले' म्हटलं, ते गाव कोणतं हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही. आजीचंही एक गाव असेल, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. मला माझी लाज वाटली आणि आजोबांची मनातल्या मनात माफी मागितली.

तिचं माहेर किन्हीराजाच्या बाजूचं एक खेडं, त्याचं नाव तेवढं बाबांना ठाऊक होतं. मोजणीच्या कार्यालयात पुन्हा गेले तेव्हा खिडकीतल्या माणसाने ओळखलं. "सापडली का आजी?" त्या नव्या नकाशात गावाच्या मावळतीला वळण घेत नाला गेला होता. पलीकडे पांधण, आणि दोन्हींच्या मधे दफनभूमीची छोटी खूण. मी तिथेच भिंतीला टेकून रडले. खिडकीतला माणूस पुढच्याचे कागद घेऊ लागला.

किन्हीराजापर्यंत एसटीने आणि पुढे ऑटोने आम्ही गेलो. जागा होती, पण निम्मी तुरीच्या वावरात गेलेली, उरलेलीत बाभळी. माती इतकी सपाट की कुठे कोण आहे ते सांगायची सोय नाही. बाबांनी ते विचारलंही नाही. चप्पल काढली, माझा खांदा धरून हळूहळू खाली बसले आणि दोन्ही तळवे मातीवर ठेवले. पुटपुटत त्रिसरण म्हटलं. ती गेली तेव्हा आमच्या घरात ते आलेलं नव्हतं. तिच्या लेकाने आता तिला ऐकवलं.

आम्ही उठत होतो तोच पांधणीवरून गवताचा भारा घेऊन एक म्हातारा आला. बाबांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल.

"कोनाचे हो तुमी?" त्याने विचारलं.

हा प्रश्न बाबांना जन्मभर कुणी ना कुणी विचारत आलेला आहे आणि त्यांनी दर वेळी आजोबांचं नाव सांगितलेलं मी ऐकलं आहे. या वेळी मात्र "या गावच्या लेकीचा पोरगा हाय मी," ते म्हणाले, आणि आईचं माहेरचं आडनाव सांगितलं.

"आमच्याच वस्तीतलं घर ते. आता नाही तिथं कोनी," म्हातारा म्हणाला. "मले तं काई ते बाई ठाऊक नाही." मग त्याने डोक्यावरचा भारा खाली टाकला, हात पुसले आणि वाकून बाबांच्या पायांना हात लावला.

बाबा मागे सरले. "अरे, काय करता?"

"गावाचा भाचा हाय तुमी."

आमच्याकडे मामाने भाच्याच्या पाया पडायची रीत आहे, त्यात वय पाहत नाहीत. पहिल्या आजीच्या माहेराशी संबंध उरला नव्हता आणि दुसऱ्या आजीला भाऊ नव्हता, त्यामुळे बाबांच्या पायांना असा कुणी हात लावला नव्हता. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. त्यांनी त्या माणसाचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

"मामा," बाबा म्हणाले, "घरी पानी भेटन का?"