खिंड म्हणजे पास

हेलिकॉप्टर दोन घिरट्या घालून परत गेलं होतं. आल्प्समधल्या बचाव पथकाचा डिस्पॅचर फोनवर म्हणाला, "मॅडम, पासवर कुणी नाही. ढग खाली आलेत, तिसरी फेरी जमणार नाही. तुमची माहिती नक्की आहे ना?"

"शंभर टक्के," मी म्हटलं. "त्याने स्वतः लिहिलंय."

मी ज्या कंपनीत काम करते तिला असिस्टन्स कंपनी म्हणतात. परदेशात जाताना लोक ट्रॅव्हल इन्शुरन्स घेतात. त्या कार्डाच्या मागे एक इमर्जन्सी नंबर असतो. तो लावला की विमा कंपनीतलं कुणी उचलत नाही, आम्ही उचलतो. आमचं ऑफिस सिंगापुरात जुरोंग ईस्टला, स्टेशनसमोरच्या इमारतीत आहे. रोजचे बहुतेक कॉल हरवलेल्या बॅगांचे आणि बिघडलेल्या पोटांचे असतात. हॉस्पिटल शोधायचं, गाडी पाठवायची, घरच्यांना धीर द्यायचा. कधीतरी एखादा कॉल जिवावरचा असतो.

हा कॉल दुपारी साडेचारला आला. ज्या मुलीने तो घेतला तिला काहीच कळेना, कारण फोनवरची बाई घाबरून मधूनच मराठीत बोलायला लागली होती. आमच्या मॅनेजर मिस लिम यांनी माझ्याकडे बोट केलं. "मराठी, राइट? यू टेक लाह."

मी हेडसेट चढवला. बाईंचं नाव स्वाती, चोआ चू कांगला राहायच्या. नवरा मंदार, मूळचा पुण्याचा, वन-नॉर्थमधल्या एका आयटी कंपनीत इंजिनिअर. कंपनीच्या कामासाठी युरोपात गेला होता आणि काम संपल्यावर तीन दिवस रजा टाकून आल्प्समधल्या एका खेड्यात थांबला होता. एकटाच. त्याला डोंगराचं वेड. पुण्यात असताना त्याने एक किल्ला सोडला नव्हता, आणि सिंगापूरला डोंगरच नाहीत म्हणून तो इथे सहा वर्षं कुरकुरत होता.

सव्वाचारला, म्हणजे तिकडे सकाळी सव्वादहाला, त्याचा एसएमएस आला होता. स्वातीने तो मला वाचून दाखवला. 'खिंडीत अडकलोय. पाय मोडलाय बहुतेक. पाऊस आहे. मदत पाठव.' त्यानंतर त्याचा फोन लागत नव्हता.

मागून एका लहान मुलीचा आवाज येत होता. "ममा, पापा कॉल ऑलरेडी ऑर नॉट?"

मी हवी ती सगळी माहिती घेतली आणि सहा मिनिटांत कॉल संपवला. ऑफिसात माझं नावच तसं आहे. माझे कॉल सगळ्यांत छोटे असतात, आणि मला त्याचा अभिमान होता.

मग त्या खेड्यातल्या गेस्ट हाउसला फोन लावला. मालकीण म्हणाली, तो सात वाजता निघालाय. त्याचा रस्ता तिला माहीत होता. आधी नदीने कापलेल्या खोल दरीतून वर चढायचं. तिथे दोन्ही बाजूंना कडे आहेत आणि मधून पाण्याच्या कडेकडेने पायवाट जाते. इंग्रजीत त्याला गॉर्ज म्हणतात. गॉर्ज संपली की कुरणातून चढत पासवर जायचं. पास म्हणजे दोन शिखरांमधली खोलगट जागा, जिथून पलीकडच्या खोऱ्यात उतरता येतं. साध्या चालणाऱ्याला एक दिवसाचा रस्ता.

आता खिंड. माझे वडील भूगोलाचे मास्तर होते. खिंड म्हणजे पास, घळ म्हणजे गॉर्ज, हे मला वयाच्या दहाव्या वर्षापासून पाठ आहे. मी क्षणभरही थांबले नाही. रेस्क्यूच्या डिस्पॅचरला सांगितलं, माणूस पासवर आहे, पाय मोडलाय. त्याने विचारलं, "तीन तासांत तो वर पोचला?" मी म्हटलं, "अनुभवी ट्रेकर आहे." हे उत्तर मी माझ्या मनाने दिलं.

हेलिकॉप्टर गेलं आणि रिकामं आलं. मग त्यांनी सहा माणसांची तुकडी पलीकडच्या खोऱ्यातून, जीपने आणि पुढे पायी, पासवर पाठवली. डिस्पॅचर एकदा म्हणाला, "खाली गॉर्जसुद्धा आहे. पण तुम्ही पास म्हणताय." मी पुन्हा म्हटलं, हो, पासच. त्याच्याकडे तुकडी एकच होती.

आमच्याकडे पावणेसात वाजले तेव्हा ती तुकडी वर पोचली. तिथे पाऊस, वारा आणि लाकडी पाटी, बाकी काही नाही. मी स्वातीला फोन केला. मंदारने कोणत्या रंगाचं जॅकेट घातलंय ते विचारायचं होतं.

"निळं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मॅडम, तिथे अंधार असेल हो. काल मला सांगत होता, उद्या ज्या खिंडीतून जायचंय तिथे मान वर केली की आकाशाची नुसती पट्टी दिसते."

पासवर उभं राहिलं की चहूकडे आकाशच असतं. पट्टी दिसते ती दोन कड्यांच्या मधून. मंदारने खिंड हा शब्द भूगोलाच्या पुस्तकातून घेतलाच नव्हता. डोंगरात फिरणाऱ्या, बखरी आणि पोवाडे ऐकत वाढलेल्या माणसाला खिंड म्हणजे दोन्हीकडून कडे आणि मधली चिंचोळी वाट. माझाही शब्द बरोबर होता आणि त्याचाही. फक्त तो त्याच्या खिंडीत पडला होता आणि मी माणसं माझ्या खिंडीत पाठवली होती.

डिस्पॅचरला सांगितलं. त्याने लगेच फोन खाली ठेवला. तुकडी परत फिरून गॉर्जच्या तोंडाशी यायला दीड तास गेला. वरच्या पावसाने पाणी चढलं होतं, त्यामुळे दोर लावून आत जावं लागलं.

नऊला दहा मिनिटं कमी असताना त्यांना तो दिसला. एका कपारीत बसलेला होता. पाणी कमरेपर्यंत आलं होतं. बुडाला नव्हता, गारठून जीव गेला होता.

आमच्याकडे नियम आहे की मृत्यूची बातमी अधिकृत कागद आल्याशिवाय घरच्यांना द्यायची नाही. मिस लिम माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून म्हणाल्या, "डोंट से एनीथिंग फर्स्ट." तेवढ्यात स्वातीचा फोन आला. "सापडला का?"

मी म्हटलं, "टीम त्यांच्याजवळ पोचली आहे."

वाक्य खरं होतं. ती म्हणाली, "देवा." आणि मुलीला इंग्रजीत सांगितलं की पापा सापडले. कागद यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासाची मला अजून लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात रिव्ह्यू झाला. मोठी केस बिघडली की सगळी रेकॉर्डिंग ऐकतात. मिस लिमनी डिक्शनरी उघडून ठेवली होती. "सी, इट सेज पास. यू नेव्हर डू राँग, वॉट." त्या मला वाचवत होत्या, आणि मनापासून वाचवत होत्या. कॉलच्या लेखी प्रतीत मराठी भागाच्या जागी नुसतं 'कॉलर आपल्या भाषेत बोलते' असं होतं.

मग पहिल्या कॉलचं रेकॉर्डिंग लावलं. तिसऱ्या मिनिटाला स्वातीचा आवाज आला. "खिंड म्हणजे ना, तो काल सांगत होता की तिथे दोन्ही बाजूंना..." आणि त्यावर माझा. "कळलं मला. पासपोर्ट नंबर द्या."

हे मला आठवतच नव्हतं. त्या खोलीत ते दुसऱ्या कुणालाही कळलं नव्हतं. गप्प बसले असते तर केस तिथेच मिटली असती. खोटं कशाला सांगू, अर्धा मिनिट गप्प बसलेही. मग त्यांना ते वाक्य इंग्रजीत सांगितलं. मिस लिमनी पेन खाली ठेवलं. "यू शुअर यू वाँट मी टू राइट धिस?" मी म्हटलं, लिहा.

मला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. पण स्वातीला हे सांगायचं धाडस मला झालं नाही. पार्थिव आणण्याचे कागद, दाखले, सामान, सगळं मीच केलं. ती मला ताई म्हणायला लागली होती. उद्या सांगू, कागद संपले की सांगू, असं करत दीड महिना गेला.

एका दुपारी तिचाच फोन आला. "ताई, एक विचारायचं होतं. त्या दिवशी मी तुम्हाला पहिल्यांदा फोन केला तेव्हा कड्यांचं सांगितलं होतं का? आकाशाच्या पट्टीचं? मला काही केल्या आठवत नाही. वाटतं, मी तेव्हाच बोलले असते तर. झोप लागत नाही मला."

म्हणजे दीड महिना माझं ओझं ती वाहत होती, आणि मी तिला वाहू देत होते.

"तुम्ही सांगत होतात," मी म्हटलं. "मी तुम्हाला मधेच तोडलं. रेकॉर्डिंग आहे. चूक माझी आहे, तुमची नाही."

 

"म्हणजे मी सांगत होते," ती म्हणाली.

"हो."

"बरं." आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही.

आमच्या फॉर्मवर आता एक जास्तीचा रकाना आहे. फोन करणाऱ्याचा शब्द जसाच्या तसा लिहायचा, भाषांतर न करता. मग विचारायचं, तिथून वर, खाली, आजूबाजूला काय दिसतं, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही. मी घड्याळ लावून पाहिलंय. वीस सेकंद लागतात.