इशरतचा खोकला

सादिकचे यंत्रमाग तळमजल्यावर आणि संसार वर. त्याच्या वडिलांनीच तशी सोय केली होती. माग सुरू झाले की वरची जमीन थरथरायची आणि जिन्यातून कापसाची धूळ थेट स्वयंपाकघरात यायची. इशरत लग्न होऊन आली तेव्हापासून तिने ती धूळ झाडली, पुसली आणि छातीत भरून घेतली. खोकला हटेना तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "घर बदला, नाहीतर माग बंद करा."

सादिक त्याच दिवशी माग थांबवायला निघाला होता. इशरतनेच त्याला अडवलं. "खाली रामू आहे, बाकीचे कारागीर आहेत. त्यांच्या घरच्या चुली विझवून मी बरी होणार आहे का?"

"मग तू तरी माहेरी जा, वज्रेश्वरीला."

"आणि तुम्हाला कोण बघणार?"

त्याच सुमारास विद्यापीठातली मृणाली धूळ मोजायचं यंत्र घेऊन गल्लीत आली. तिने सांगितलेली योजना चांगली होती. खारबावच्या बाजूला महापालिका जागा देणार, मागमालक तिथे शेड बांधणार, धूळ ओढून घ्यायची आणि पाणी पुन्हा वापरायची सोय विद्यापीठ आखून देणार. वस्तीतले माग तिकडे हलले की गल्ल्या मोकळा श्वास घेणार होत्या. सादिकने सगळ्यांच्या आधी होकार दिला. इशरत तर आतून खूश झाली. "तिकडे माग गेले, की खाली मोठ्या खिडक्या बसवू," ती म्हणायची.

पण काम पुढे सरकेना. मालक म्हणायचे, आधी रस्ता होऊ द्या. महापालिका म्हणायची, आधी सगळ्या मालकांचा होकार आणा. बैठका व्हायच्या, चहा व्हायचा, पुढची तारीख पडायची. मृणाली दर वेळी इशरतला भेटून जायची. हळूहळू इशरतला जिनाही चढवेना, मग बोलतानाही धाप लागू लागली.

"झालं का हो शेड?" एका सकाळी तिने विचारलं.

"पत्रे चढलेत," सादिक म्हणाला. खरं तर अजून खांबच उभे होते.

ती हसली. त्याच आठवड्यात ती गेली.

होकार दिलेल्या मालकांपुरतं शेड पुढे पूर्ण झालं. सादिकचे माग सगळ्यांत आधी तिकडे गेले. तिथली हवा खरंच वेगळी होती. "शेठ, अब खाँसी कम है," रामूने सांगितलं, तेव्हा सादिकला बरंही वाटलं आणि भिंतीकडे तोंड करून रडूही आलं. उद्घाटनाला त्याला बोलायला उभं केलं. माइक परत देऊन तो खाली बसला.

गल्लीतले निम्मे माग अजून हलले नव्हते. गल्लीतलाच एक मागमालक यहया तर तयारच नव्हता. सादिक मृणालीला घेऊन त्याच्या दारात गेला. खाली माग धडधडत होते.

"पुढच्या वर्षी बघू ना, सादिकभाई," यहया म्हणाला. "इतकी काय घाई आहे? बसा, चहा सांगतो."

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी खोकलं. कोरडा, न थांबणारा खोकला. यहयाची नजर खाली गेली.

सादिक खुर्ची ओढून जिन्याशी बसला.

"चहा नको. भाभींना वरून खाली बोलाव. घाई आहे की नाही, ते त्यांनाच विचारू."