सूनबाईचे बाण

“फुंका गा भाऊ, पण थुंकू नोका!”

नागपूरजवळच्या बेसातल्या आमच्या कॉलनीत शेजारच्या काकांच्या फाटकापुढून जाणाऱ्याला हे ऐकावेच लागे. काका ओट्यावर बसलेले. पुढ्यात पाण्याने भरलेली लोणच्याची बरणी, पाण्यावर तरंगणारे ऑइलपेंटचे थेंब आणि हातात स्वतः तासलेला लाकडी बाण. थेंबांवरून काडी फिरवली की लाल, हिरव्या, पिवळ्या रेघा एकमेकींत शिरत. त्यात बाणाची शेपटाकडची वीतभर बाजू हळूच बुडवली की रंग लाकडाला वेढून बसे. मात्र बाण बाहेर काढण्याआधी पाण्यावर उरलेला रंग फुंकरीने बाजूला सारावा लागे, नाहीतर तो नक्षीवर चिकटे. काकांना दमा. म्हणून ते रस्त्यावरची माणसे वापरत.

मी हिशोबी माणूस. एकदा सुचवले, “काका, रंग कागदाच्या तुकड्याने सारा. मग माणूस लागणारच नाही.”

“मंग तुम्ही काहून थांबसान?” काका म्हणाले. मी फुंकर मारली.

बाण सुनेसाठी होते. ती बँकेत नोकरीला आणि रविवारी धनुर्विद्येच्या क्लबात. काका उमरेडच्या विणकराच्या घरचे. उभे आयुष्य मागावर साडीचे काठ विणण्यात गेलेले. “एक फूल दुसऱ्यासारखं नसलं का शेठ साडी वापस करे. आता मी एकबी दुसऱ्यासारखं काढनार नाही!” दोन बाण चुकून सारखे वाटले, तर त्यातला एक घासून पुन्हा बुडवत.

सुनेची पहिलीच स्पर्धा. त्यासाठी ती वर्षभर पहाटे उठून सराव करत होती. दोघांना मीच गाडीतून मैदानावर नेले. पंचांनी बाण हातात घेतले आणि मान हलवली.

“हे चालणार नाहीत. एका खेळाडूचे सगळे बाण एकसारखे पाहिजेत. लक्ष्यावर कोणाचा कोणता, ते ओळखू आलं पाहिजे.”

“काहून जी? असे बाण साऱ्या नागपुरात दुसऱ्या कोनाजवळ आहेत, दाखवा!”

“आजोबा, नियम आहे.”

“तुमचा नियम आमच्या शेठचाच भाऊ दिसते.”

सून बाण पिशवीत भरू लागली. “राहू द्या, बाबा. पुढच्या वर्षी खेळीन.”

काकांनी पिशवी ओढून घेतली, लाउडस्पीकरवाल्याकडून वायरची काळी टेप मागितली आणि गवतात मांडी घातली. एकेका बाणाचा रंग टेपखाली जाऊ लागला. कड प्रत्येक बाणावर एकाच जागी. मी खिशातल्या मोजपट्टीने तपासले. केसाचाही फरक नव्हता.

“पाह्य वं सूनबाई,” ते कुरकुरले, “पुन्हा काठच काढाले लावले मले!”

ती हसली. तेवढ्यात तिचे नाव पुकारले.

ती तिसरी आली. काकांनी कॉलनीत पहिली सांगितले. मी आकडा दुरुस्त केला, तर म्हणाले, “सुनांमधून पयली आली ना जी!”

गेल्या दिवाळीनंतर काका गेले. सून अजून त्याच बाणांनी खेळते. उन्हाने एका बाणावरच्या टेपची कड आता सैल झाली आहे आणि तिच्याखालून लाल-हिरवी रेघ डोकावते. पंच बाण तपासायला येताना दिसले, की ती अंगठा त्या कडेवर दाबून धरते.