तंबूतली पातळ गादी

तंबू घ्यायचा तर आत ताठ उभं राहता आलं पाहिजे, एवढी एकच अट आमच्या ह्यांनी घातली होती. ती माझ्या गुडघ्यांसाठी बरं का. स्वतः अजून सायकलीवर राजपुऱ्यापर्यंत भाजी आणायला जायचे. नात मोबाईल घेऊन शेजारी बसली. "आजोबा, ये वाला देखो, दो दरवाजे, चारही बाजूंनी जाळी!"

हे म्हणाले, "जाळी पाहिजेच. तुझी आजी घोरते, आवाज बाहेर जायला जागा नको?" मी उशीच फेकून मारली.

असं एकेक ठरलं. खुर्च्या हाताच्या, म्हणजे उठताना टेकू मिळतो. तळ तंबूलाच शिवलेला, किडामुंगी आत येत नाही. गाद्यांत मात्र एकच जाड मिळाली, दुसरी पातळ. लोधीपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर विटांना दोऱ्या बांधून तंबू उभा करून पाहिला. जाड गादी माझ्याकडे सरकवून हे पातळ गादीवर आडवे झाले.

"टोचत नाही ना हो?"

"अगं, लोणी आहे लोणी."

दिवाळीनंतर धूलकोटकडे, भाच्याच्या शेतात दोन दिवस राहायचं ठरलं होतं. दिवाळी ह्यांनी पाहिलीच नाही.

तेराव्याला शय्यादान असतं. गादी, उशी, छत्री, चपला गुरुजींना द्यायच्या, म्हणजे गेलेल्या माणसाला त्या वाटेवर पोचतात. मुलगा बाजारातून गादी आणायला निघाला होता. मी हट्टानं ती जाड गादी काढून दिली.

"आई, ही तर तुझी ना? बाबांची ती दुसरी."

"मग पातळ देऊ त्यांना? पाठ दुखेल रे त्यांची."

तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं. वाटलं, एक तरी गोष्ट आपल्या हातून नीट झाली.

यंदा नात म्हणाली, तंबू असाच पडून सडेल, आजी. म्हणून गेलो. बांधाजवळ तंबू ठोकला. आत उभी राहिले, डोकं कुठं लागलं नाही. दुपारी सगळे केळीच्या सावलीत गप्पा मारत बसले, मी आत येऊन त्यांच्या पातळ गादीवर पडले. पाठीखाली एक ढेकूळ. सरकले तर खडा. कूस बदलली तरी तेच. आणि गच्चीवर तर नुसती फरशी होती. त्या फरशीवर हा माणूस तासभर पडून लोणी लोणी म्हणत राहिला, आणि मी खरं मानलं!

नातीनं आत डोकावून विचारलं, "आजी, टोचतंय का? गोधडी टाकू?"

"नको," म्हटलं.

ती जाड गादी त्यांना पोचली असेलही. पण ते तिच्यावर निजले नसतील. माझी म्हणून बाजूला गुंडाळून ठेवली असेल, आणि स्वतः तिथंही जमिनीवरच पडले असतील.